वऱ्हाडचा माल आणि बंदरावरचा माणूस

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलच्या ऑफिसात दिवेलागणीला बसलो होतो. बाहेर हमाल तुरीची पोती थप्पीला लावत होते. मिलमालकांच्या मोबाइलवर न्हावा शेव्याहून एक फाइल आली. या धंद्यात तिला सगळेच ‘चेकलिस्ट’ म्हणतात. बंदराच्या संगणकात बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं घोषणापत्र, भरण्याआधी माल सोडवणारा ब्रोकर तिचा मसुदा मालकाला दाखवतो आणि होकार मागतो. आफ्रिकेहून निघालेल्या तुरीचे चार कंटेनर दोन दिवसांत बंदराला लागणार होते. मालकांनी वजन पाहिलं, रक्कम पाहिली आणि ‘ठीक आहे’ लिहायला घेतलं, तेवढ्यात मुनीमजींनी फोन मागून घेतला. कपाळावरचा चष्मा खाली ओढून ते एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेले. मालाच्या वर्णनापाशी बोट थांबलं. तिथे नुसतं ‘तूर’ होतं. ‘अख्खी’ हा शब्द राहिला होता.

शुल्कसूचीत तुरीचा आकडा ०७१३ ६० ०० हा एकच. अख्खी असो की फोडलेली, दोन्ही त्यातच बसतात. पण मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने तुरीवरचं १० टक्के आयात शुल्क उठवलं ते अख्ख्या तुरीपुरतं. तो शब्द कागदावर नसला तर तपासणारा अधिकारी विचारणार, उत्तर जाईपर्यंत कंटेनर अडणार आणि मोकळे दिवस संपले की जागेचं भाडं चालू होणार. मुनीमजींनी फोन लावला, पलीकडच्या पोराने शब्द घातला आणि नवी चेकलिस्ट दहा मिनिटांत परत आली. मालक माझ्याकडे वळून म्हणाले, “माल माहा, पैसे माहे, मंग सोडवाले तिसरा माणूस काहून लागते?”

प्रश्न रास्त आहे. वऱ्हाडात तो दीडशे वर्षं वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला आहे. अमरावती-अकोल्याचा कापूस, संत्रं, डाळ, सूत हे सगळं जगाच्या बाजारात जातं-येतं. पण इथून समुद्र सहाशे किलोमीटरवर. त्या समुद्राच्या काठावर वऱ्हाडच्या नावाने सही करणारा जो माणूस उभा असतो, त्याच्याविषयी इथे फार कमी बोललं जातं. बोललं जातं तेही माल अडकल्यावर.

आधी तो कोण ते पाहू. बाजारात त्याला अजून ‘सीएचए’ किंवा ‘क्लिअरिंगवाला’ म्हणतात. कायद्यातलं ‘कस्टम हाउस एजंट’ हे नाव २०१३ मध्ये बदलून ‘कस्टम्स ब्रोकर’ झालं. सरकारी मराठीत सीमाशुल्क दलाल. ‘दलाल’ या शब्दाने आपल्याकडे गैरसमज होतो. बाजार समितीतला अडत्या माल विकून देतो, भावाशी त्याचा संबंध असतो. सीमाशुल्क दलालाचा भावाशी काही संबंध नाही. माल काय आहे, कुठून आला, कितीचा आहे, त्यावर कोणतं शुल्क लागतं, कोणती सवलत मिळते, कोणत्या खात्याची परवानगी हवी, हे मालकाच्या वतीने सरकारपुढे मांडणं आणि माल सोडवणं एवढंच त्याचं काम. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १४६ प्रमाणे परवान्याशिवाय हे काम दुसऱ्यासाठी करता येत नाही. परवान्याचे सध्याचे नियम २०१८ चे. परवाना हवा असलेल्याने परीक्षा द्यायची. ती सीमाशुल्क व अप्रत्यक्ष करांची राष्ट्रीय अकादमी घेते, लेखी आणि तोंडी दोन्ही. ती उतरलेल्याला एफ कार्ड. त्याच्या हाताखालचा, वेगळी परीक्षा उतरलेला माणूस जी कार्डवाला. तो कागदांवर सही करू शकतो. परीक्षा न दिलेला मदतनीस एच कार्डवाला. बंदरावर प्रत्यक्ष धावपळ करणारी पोरं बहुधा ही शेवटची दोन. अकोल्याच्या फोनला उत्तर देणारा मुलगाही त्यांच्यातलाच एक.

ब्रोकर नेमलाच पाहिजे अशी सक्ती मात्र कायद्यात नाही. मालक स्वतः किंवा त्याचा नोकर आपल्या मालाचे कागद भरू शकतो. ही गोष्ट आपल्याकडे अनेक निर्यातदारांना ठाऊकच नसते. ठाऊक असूनही बहुतेक जण त्या वाटेला जात नाहीत. त्याचं कारण वऱ्हाडच्या इतिहासात आहे.

रेल्वे येण्याआधी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरला जाई आणि तिथून गंगेने कलकत्त्याला. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने या वाटेने एक लाख बैलांचा कापूस पाठवल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर खिळली. जीआयपी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. वाटेत अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. अमरावतीला बडनेऱ्याहून फाटा काढला. खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून फाटा १८७० मध्ये सुरू झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीची ‘शकुंतला’ यवतमाळ आणि अचलपूरच्या बाजूने कापूस गोळा करून मूर्तिजापूरला आणू लागली. सगळ्या वाटा मुंबईकडे वळल्या. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावाचा अपभ्रंश होऊन ‘उमरा’ ही कापसाची जातच ठरून गेली.

नाव लिव्हरपूलला पोचलं, पण कागद मुंबईच्या हातात राहिले. वऱ्हाडातून आलेल्या गाठी उतरवून घेणारे, गोदामात ठेवणारे, त्यावर उचल देणारे मुकादम मुंबईचे. जहाजावर चढवणाऱ्या पेढ्या मुंबईच्या. कापूस पिकवणारा, सरकी काढणारा, गाठ बांधणारा वऱ्हाडी माणूस रेल्वेच्या मालधक्क्यावर पावती घेऊन मोकळा होई. पुढचं सगळं ‘मुंबईवाले पाहून घेतील’. माझ्या मते आजही सगळ्यात महाग पडणारी सवय हीच आहे. मुकादमाच्या जागी ब्रोकर आला, मालधक्क्याच्या जागी कंटेनर आला, पण ‘मुंबईवाले पाहून घेतील’ काही गेलं नाही. ब्रोकरला आपण माल निघाल्यावर गाठतो. तो सौद्याच्या आधी हवा असतो.

हे संत्र्यावरून जितकं स्पष्ट होतं तितकं दुसऱ्या कशावरून होत नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

वरूड-मोर्शीच्या आंबिया आणि मृग बहाराच्या संत्र्याचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. ट्रक वरुडातून निघतो तो हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून उत्तर चोवीस परगण्यातल्या पेट्रापोलला जातो. सीमेपलीकडे बेनापोल. इथे जहाज नाही, बंदर नाही, फळ नाशवंत, आणि दोन बाजूंना दोन वेगळी माणसं: आपल्या बाजूला आपला ब्रोकर, त्यांच्या बाजूला त्यांचा क्लिअरिंग एजंट. पश्चिम बंगाल सरकारच्या ‘सुविधा’ नावाच्या संगणकीय पद्धतीत ट्रकची वेळ आधी घ्यावी लागते. आपल्या बाजूला शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचं घोषणापत्र, भरायचं, कीडरोगमुक्तीचा दाखला जोडायचा, निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येणार तिचा एडी कोड त्या ठाण्याशी जोडलेला असला पाहिजे, मग निर्यातीचा हुकूम मिळतो. यातलं एकही काम ट्रक रांगेत लागल्यावर सुरू करण्यासारखं नाही. जो बागाईतदार पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने माल पाठवतो त्याचा अडथळा बहुधा एडी कोडचा. आयात-निर्यात क्रमांक काढला, तो पॅनवरच मिळतो, त्याला वाटतं झालं. बँकेचा कोड नोंदवायला राहिला आणि ट्रक सीमेवर, हे मी जवळून पाहिलं आहे. अशा वेळी मग तिथल्या कोणाच्या तरी नावावर माल काढायचा, म्हणजे निर्यात आपली पण नोंद दुसऱ्याची.

वर्गवारीचा एक मुद्दा सांगतो, कारण तो आपल्या घरातला आहे. नागपुरी संत्र्याला आपण इंग्रजीत ‘ऑरेंज’ म्हणतो, पेट्यांवरही तसंच छापतो. शुल्कसूचीत मात्र ‘ऑरेंज’ म्हणजे घट्ट सालीचं, मोसंबीच्या कुळातलं फळ, आणि त्याचा मथळा ०८०५ १०. आपलं सुटसुटीत सालीचं संत्रं शास्त्राच्या दृष्टीने मँडरिन, त्याचा मथळा ०८०५ २१. दोन्ही फळं एकाच ट्रकमधून गेली तर ती दोन वेगळ्या ओळींत यायला हवीत. इनव्हॉइस लिहिणारा मुलगा वरुडात, ते वाचणारा अधिकारी पेट्रापोलला, आणि मधे फळाची ओळख पटवणारा ब्रोकर. शहाणा ब्रोकर इनव्हॉइसचा नमुना आधीच पाठवून ठेवतो. तसा पाठवणारा शोधावा लागतो.

आता बांगलादेशाचं शुल्क. २०१९ पासून ते चढत गेलं आणि २०२३ च्या अखेरीस किलोमागे ८८ रुपयांपर्यंत पोचलं. बागेतल्या भावापेक्षा सीमेवरचा कर मोठा झाला. निर्यात घसरली, तो माल देशी बाजारात आला आणि भाव पडले. डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने या शुल्काच्या निम्मी, म्हणजे किलोमागे ४४ रुपयांची मदत जाहीर केली; त्यासाठी १६९ कोटी ६० लाखांची तरतूद सांगितली गेली. हे शुल्क ब्रोकरने लावलेलं नव्हतं आणि त्याला ते कमी करताही येत नव्हतं. पण अशी मदत मागायची तर निर्यात कुणाच्या नावावर झाली हे कागदावर सिद्ध करावं लागतं. ज्यांनी सोयीसाठी सीमेवरच्या दुसऱ्या कुणाच्या नावाने माल काढला, त्यांच्या हातात दाखवायला शिपिंग बिल कुठून येणार? बाग त्यांची, घाम त्यांचा, ट्रकभाडं त्यांचं, आणि निर्यातदार म्हणून नाव भलत्याचं. मला याचा राग येतो, आणि तो राग सीमेवरच्या माणसावर जेवढा आहे त्याहून जास्त आपल्या आळसावर आहे.

आयातीकडे वळलं की चित्र बदलतं. अकोल्याच्या डाळमिलांना वर्षभर चालायचं तर इथली तूर पुरत नाही. १५ मे २०२१ रोजी तूर, उडीद, मूग यांची आयात मोकळी झाली. त्याच वर्षी मोझांबिक, मलावी आणि म्यानमारशी डाळींच्या खरेदीचे करार झाले. मोझांबिकची तूर वर्षाला दोन लाख टन, मलावीची ५० हजार टन, म्यानमारची एक लाख टन असे ते आकडे होते. बाजारात या तुरींना नावं आहेत: म्यानमारची ‘लेमन’, आफ्रिकेची ‘गजरी’, ‘मटवारा’, ‘अरुषा’. मिलवाला भाव या नावांनी करतो, पण बिल ऑफ एंट्रीत यातलं एकही नाव शुल्क ठरवत नाही. तिथे लागतं ते मालाचं शास्त्रशुद्ध वर्णन, उगमदेशाचा दाखला आणि वनस्पती संगरोध विभागाची व अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मंजुरी. बाजाराची भाषा कायद्याच्या भाषेत उतरवणं हा ब्रोकरच्या कामाचा गाभा. तो चांगला आहे की नाही हे इथेच कळतं.

आणि तारीख. आयात शुल्काचा दर सौद्याच्या दिवसाचा लागत नाही. कलम १५ प्रमाणे साधारणपणे बिल ऑफ एंट्री दाखल झाल्याच्या किंवा जहाजाला प्रवेश मिळाल्याच्या, यातल्या नंतरच्या दिवसाचा दर लागतो. काही अधिसूचना मात्र जहाजावर माल चढल्याच्या तारखेला, म्हणजे बिल ऑफ लेडिंगला धरतात. पिवळ्या वाटाण्याचं उदाहरण ताजं आहे. डिसेंबर २०२३ पासून तो विनाशुल्क येत होता. १ नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के शुल्क लागलं, पण ३१ ऑक्टोबरपर्यंतचं बिल ऑफ लेडिंग असलेला माल त्यातून सुटला. एका तारखेने कंटेनरमागे लाखोंचा फरक. जो मिलवाला सौदा करण्याआधी ब्रोकरला विचारतो त्याला ही तारीख सौद्यात घालून घेता येते. जो नंतर विचारतो तो नशिबावर राहतो. २०१७ पासून स्वस्त डाळीच्या आयातीवर शुल्क लागणं-उठणं, मर्यादा येणं-जाणं इतक्यांदा झालं आहे, की ज्याच्या बाजूला नियम वाचणारा माणूस नाही त्याने डाळ आयातीत उतरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कापसाविषयी लिहिताना मन जड होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये आयात कापसावर शुल्क लागलं, सगळं मिळून ११ टक्के. २०२२ मध्ये काही महिने ते माफ झालं. १९ ऑगस्ट २०२५ रोजी पुन्हा माफ झालं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. वऱ्हाडात वेचणी दसरा-दिवाळीला भरात येते, म्हणजे माफीचे महिने आणि आपल्या वेचणीचे महिने एकच. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात ८,११० रुपये क्विंटल होता, आणि खुल्या बाजारात त्याच्या खाली सौदे होत होते. शेतकऱ्याला बंदरावरचा ब्रोकर आपल्या विरोधात उभा असल्यासारखा वाटला तर त्याला दोष देता येणार नाही. त्याच्या दृष्टीने परदेशी गाठी सोडवून आणणारा तोच. पण हा निर्णय दिल्लीतला. ब्रोकरने फक्त तो अमलात आणला. सूतगिरणीला ३१ डिसेंबरच्या आत बिल ऑफ एंट्री हवी होती आणि ती त्याने भरून दिली. राग जिथे नेऊन पोचवायचा ती जागा वेगळी आहे, आणि तिथेच तो पोचला पाहिजे. आयातीचे आकडे आपल्या बाजार समित्यांना वेळेवर कळत नाहीत, ही खरी तक्रार आहे. ते आकडे बिल ऑफ एंट्रीमधूनच तयार होतात. म्हणजे ज्या कागदाचा शेतकऱ्याला राग येतो, त्याच कागदात त्याच्या मागणीचा पुरावा असतो.

निर्यातीत वस्तू व सेवा कर आल्यावर एक वेगळीच अडचण उभी राहिली. जुलै २०१७ नंतर शिपिंग बिलच कराच्या परताव्याचा अर्ज मानलं जाऊ लागलं. बंदरावर ब्रोकरने भरलेला इनव्हॉइस क्रमांक आणि अमरावतीत सीएने विवरणपत्रात भरलेला इनव्हॉइस क्रमांक जुळला नाही की संगणक ‘एसबी ००५’ असा शेरा मारून परतावा अडवी. एकीकडे ‘अ/१२’, दुसरीकडे ‘अ-१२’, एवढ्यावर लाखो रुपये लटकत. ब्रोकर म्हणायचा सीएची चूक, सीए म्हणायचा ब्रोकरची. दोघेही आपापल्या ठिकाणी बरोबर असायचे, कारण दोघं एकमेकांशी कधी बोललेलेच नसायचे. निर्यातदाराने दोघांची फोनवर गाठ घालून दिली असती तर हे घडलंच नसतं.

विश्वासाचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. २०१८ च्या नियमांतला दहावा नियम ब्रोकरची कर्तव्यं सांगतो: मालकाचं अधिकारपत्र घ्यायचं, त्याचा आयात-निर्यात क्रमांक, जीएसटी क्रमांक आणि पत्ता खरा आहे का ते तपासायचं, कायदा मोडणारा सल्ला द्यायचा नाही, ग्राहक नियम पाळत नसेल तर खात्याला कळवायचं. म्हणजे फी मालक देतो, पण त्याचं उत्तरदायित्व सरकारकडेही असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या एका निकालात हे दुहेरी स्थान अधोरेखित केलं: आयातदार आणि सीमाशुल्क खातं, दोघांचाही विश्वास त्याच्यावर टाकलेला असतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दुसरी बाजू मांडली: ब्रोकर हा काही सौद्याचा खरेखोटेपणा तपासणारा निरीक्षक नव्हे, ओळख पटवण्याची काळजी घेतली की त्याचं काम झालं. या दोन निकालांमधल्या जागेत रोजचा धंदा चालतो. परवाना जाण्याची भीती ब्रोकरला असते, म्हणून चांगला ब्रोकर कागद जास्त मागतो. वऱ्हाडातल्या निर्यातदाराला तो छळ वाटतो. मी तर म्हणेन, जो ब्रोकर केवायसीचे कागद न मागता काम घेतो त्याच्यापासून लांब राहा.

लांब राहण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे आयात-निर्यात क्रमांक भाड्याने देणं. गावातल्या एखाद्या पोराला कोणीतरी सांगतं, तुझा क्रमांक वापरू दे, कंटेनरमागे पैसे मिळतील. क्रमांक पॅनवर आहे, म्हणजे माल त्याचा ठरतो. मालात काही बेकायदा निघालं तर नोटीसही त्याच्याच नावाने येते. शुल्क कमी भरलं गेलं तर वसुली मुळात आयातदाराकडून होते. ब्रोकरने फसवलं म्हणून सुटका होत नाही. २०११ पासून शुल्काचं मूल्यमापन आयातदाराने स्वतः करायचं, अशी पद्धत आहे. ब्रोकर त्याच्या वतीने भरतो, जबाबदारी मालकाची. चेकलिस्टवर ‘ठीक आहे’ लिहिणं ही सही आहे, हे डाळमिलच्या मुनीमजींना कळलं होतं. अनेक मालकांना ते कळलेलं नाही.

आता सगळं संगणकावर आलं आहे तर मग हा माणूस कशाला, असंही विचारलं जातं. ऑक्टोबर २०२० अखेर देशभर आयातीचं ‘फेसलेस’ मूल्यमापन सुरू झालं: न्हावा शेव्याला उतरलेल्या तुरीची बिल ऑफ एंट्री कदाचित दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासतो. कागद स्कॅन करून चढवायचे, प्रश्न पडद्यावर येणार, उत्तर पडद्यावर द्यायचं. टेबलापाशी जाऊन समजावून सांगण्याची सोय संपली. यात चांगलं बरंच आहे. ओळखीने काम करून घेणाऱ्यांचा धंदा बसला. पण ब्रोकरची गरज कमी झाली असं मला दिसत नाही, तिचं रूप बदललं. पूर्वी बोलणारा ब्रोकर चालायचा, आता लिहिणारा लागतो. ‘लेमन’ तूर म्हणजे काय, हे तीन ओळींत अचूक लिहून देणारा. बिल ऑफ एंट्री साधारणपणे माल येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावी लागते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोजचे पाच हजार आणि पुढे रोजचे दहा हजार. हे पैसे परत मिळत नाहीत. अकोल्यातून कागद वेळेत आले नाहीत तर मुंबईचा सर्वांत हुशार ब्रोकरही काही करू शकत नाही.

म्हणून मला प्रश्न अंतराचा वाटतो, आणि अंतर कमी करायच्या जागा आहेत. नागपूरच्या मिहानमध्ये कॉन्कॉरचा कंटेनर तळ आहे. अमरावतीहून तो दीडशे किलोमीटरवर; तिथे शिपिंग बिल भरून माल सीलबंद करून बंदराकडे पाठवता येतो. कारखान्यातच कंटेनर भरून इलेक्ट्रॉनिक सील लावायचीही सोय आहे. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली, एक हजार एकरांवर. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला; तो अमरावती जिल्ह्यातूनही जातो. रस्ता आला, पार्क येत आहे, पण या पार्कमधल्या मालाची शिपिंग बिलं कोण भरणार? उत्तर पुन्हा ‘मुंबईवाले’ असेल तर १८७० नंतर आपण फारसं काही शिकलो नाही.

अमरावती-अकोल्यात वाणिज्य शाखेची कॉलेजं आहेत, कृषी विद्यापीठ आहे. संत्र्याची जात ओळखणारी, कापसाच्या धाग्याची लांबी मोजू शकणारी, डाळीचा दाणा बोटांत धरून उगमदेश सांगणारी पोरं इथे आहेत. बंदरावर बसलेल्या माणसाकडे हे ज्ञान नसतं. त्यातली काही मुलं जी कार्डच्या परीक्षेला बसली, दोन-तीन वर्षं एखाद्या ब्रोकरकडे नागपूरला किंवा न्हावा शेव्याला राबली आणि परत येऊन इथेच ऑफिस थाटून बसली, तर मालकाला चेकलिस्ट वाचून दाखवणारा माणूस गावातच मिळेल. परवाना एका आयुक्तालयाचा असला तरी कळवून इतर ठिकाणीही काम करता येतं, आणि २०२१ पासून परवान्याला दर दहा वर्षांनी नूतनीकरण लागत नाही. नियमांत अडचण नाही. अडचण आहे ती इथल्या घरांत. ‘कस्टमचं काम’ म्हणजे मुंबईचं काम अशी समजूत घट्ट बसली आहे. बाजार समित्या, डाळमिल संघटना आणि संत्रा उत्पादक कंपन्या यांनी एकत्र येऊन दहा-वीस मुलांचा या परीक्षेचा खर्च उचलला, तर त्या खर्चाची परतफेड एका हंगामातल्या दंडाच्या बचतीतून होईल असा माझा अंदाज आहे.

तोवर काय करायचं, असं मला वरूडच्या एका बागाईतदाराने विचारलं. मी म्हटलं, सौद्याचा कागद दुसऱ्या बाजूला पाठवण्याआधी ब्रोकरला पाठवा. पेटीवर काय छापायचं तेही त्यालाच विचारा. शिपिंग बिल तुमच्याच नावावर निघालं आहे का ते स्वतः वाचून पाहा, आणि त्याची प्रत घरच्या फाइलीत ठेवा. ब्रोकरची फी कमी करून घेण्यात वेळ घालवू नका, त्याच्याकडून किती प्रश्न येतात ते मोजा. त्यांनी वही काढून एवढं लिहून घेतलं आणि मग विचारलं, “अन् तो प्रश्न विचारतच नसंल त?” मी म्हटलं, मग भाऊ, तुम्ही विचारा.

अकोल्याच्या त्या संध्याकाळी मुनीमजींनी दुसरी चेकलिस्टही पूर्ण वाचली, पहिल्या ओळीपासून. वजन पुन्हा ताडून पाहिलं, बिल ऑफ लेडिंगची तारीख कागदाशी मिळवली, उगमदेशाच्या दाखल्याचा क्रमांक मोठ्याने म्हटला. पावणेआठ वाजले होते. हमालांनी हातपाय धुतले होते आणि फाटकाजवळ चहा चालला होता. मग त्यांनी फोन मालकांकडे दिला आणि म्हणाले, “आता लिहा.”